तांदळाच्या गोणीमागची कात: न दिसलेल्या सापाची ओळख कशी पटली

रायगड जिल्ह्यातला महाड-पोलादपूरचा पट्टा, आषाढ संपत आलेला, आणि एका कौलारू घराच्या मागच्या पडवीत तांदळाच्या गोणीमागे सापाची अख्खी कात. साप कुणी पाहिलेला नव्हता. घरात आजी, तिचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन नातवंडं. पावसाळ्यात वरच्या खोलीत गळतं म्हणून आजी आणि मुलं पडवीलगतच्या खोलीत जमिनीवर अंथरूण घालून झोपत. या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच होती, आणि सर्पमित्र म्हणून मला आलेल्या फोनवर ती कुणी सांगितली नव्हती.

मुलाचा फोन आला तो असा, "भाऊ, कात मिळालीये, साप नाही. तुम्ही येऊन तरी काय करणार म्हणा, पण आई ऐकत नाही." मी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. कातीला हात लावू नका, आणि पडवी झाडू नका.

मी पोचेपर्यंत कातीवरून घरात तीन मतं झाली होती. शेजारच्या काकांचं म्हणणं, हा कवड्या. गेल्या पावसाळ्यात याच घरात कौलांतून कवड्या पडला होता, तेव्हा घाबरायचं कारण नाही. सुनेला ती कात तेव्हाच्या तेव्हा जाळून टाकायची होती, कारण कातीच्या वासाने दुसरा साप येतो असं तिने माहेरी ऐकलेलं. आणि आजीला ती कणगीत ठेवायची होती. कात धान्यात ठेवली की बरकत येते, ही समजूत आमच्याकडे जुनी आहे. मी आजींना म्हटलं, "ठेवा खुशाल, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण आजची रात्र ती माझ्याकडे द्या."

कात जाळणं, उकिरड्यावर फेकणं, पाकिटात घालणं हे सगळं मी वर्षानुवर्षं पाहत आलोय, आणि दरवेळी हळहळतो. साप समोर नसतो तेव्हा त्याच्याबद्दल खात्रीने बोलेल असा घरात एकच पुरावा असतो, तो म्हणजे कात. साप कोणता, केवढा, कधी येऊन गेला, कुठे गेला, त्याची तब्येत कशी, यातलं बरंच काही तिच्यावर उमटलेलं असतं.

उचलण्याआधी

कात जागेवरून उचलली की तिच्यातली निम्मी माहिती जाते. म्हणून आधी बॅटरी घेऊन ती आहे तशी पाहिली. गोणपाटाची खरखरीत शिवण आणि मातीची भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ती पडली होती. तोंडाकडचा भाग शिवणीच्या सुतळीत अडकलेला, आणि शेपटीचं टोक भिंतीच्या पायथ्याशी, जोत्याच्या दोन दगडांमधल्या फटीत गेलेलं.

हे शेपटीचं टोक फार मोलाचं. साप कात टाकतो तेव्हा सुरुवात ओठांपासून होते. तो नाकाड आणि जबडा एखाद्या खडबडीत कडेवर घासतो, ओठांच्या काठाने कात सुटते, कशाला तरी अडकते, आणि मग साप पुढे सरकत तिच्यातून बाहेर येतो. पायातला मोजा वरून खाली ओढत काढला की उलटा होतो, तशी कातही आतली बाजू बाहेर येत उलटत जाते. तोंडाकडचा भाग मागे अडकून राहतो आणि शेपटी सगळ्यात शेवटी, सगळ्यात पुढे सुटते. त्यामुळे जागेवरून न हललेल्या कातीत शेपटीचं टोक साप गेला त्या दिशेला असतं. लोक नेमका उलटा अर्थ लावतात. कातीचं तोंड जिकडे तिकडे साप गेला असं समजून भलतीकडे शोधत बसतात. इथे तोंड दाराकडे होतं, म्हणून घरचे म्हणत होते की साप बाहेर गेला. कात सांगत होती की साप जोत्यात गेलाय.

आता ती कधीची? कात नुकती सुटलेली असते तेव्हा मऊ, दमट, किंचित चिकट असते आणि तिला मंद वास असतो. कोरड्या दिवसांत ती काही तासांत वाळून कडकडीत होते. पावसाळ्यात मात्र हवेतल्या ओलीने जुनी कातही नरम राहते, तेव्हा नुसत्या स्पर्शावर भरवसा ठेवता येत नाही. इथे दोन गोष्टी मदतीला आल्या. कातीवर धूळ नव्हती, मुंग्या लागलेल्या नव्हत्या. आणि आजींनी आदल्या दिवशी दुपारी तीच गोणी सरकवून मागून केर काढला होता. म्हणजे साप रात्रीच कात टाकून गेलेला.

आणखी एक शंका आधीच फेडून घ्यावी लागते. कातीचा तुकडा घरात सापडला म्हणजे साप घरात होता असं दरवेळी नसतं. साळुंकीसारखे पक्षी घरट्यात कातीचे तुकडे आणून घालतात, आणि वळचणीतलं घरटं विस्कटलं की ते खाली पडतात. पण तो तुकडा असतो, चुरगळलेला, काडीकचऱ्यात गुंतलेला. इथे कात सलग होती आणि एका टोकाला अडकलेली होती. ती तिथेच निघाली होती.

कात म्हणजे नेमकं काय

कात घरी आणून कोमट पाण्याच्या परातीत सोडली. पाण्यात ती उलगडते, घड्या सुटतात, आणि काचेवर पसरता येते. ती भिजेपर्यंत, घरच्यांनी मला जे विचारलं त्याचं उत्तर इथे देतो: साप कात का टाकतो?

नेहमीचं उत्तर असतं की साप वाढतो आणि कातडी घट्ट होते. ते खरं आहे, पण अर्धंच. सापाच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर बीटा केराटिन नावाच्या कडक प्रथिनाचा असतो. हा थर मेलेला असतो, वाढू शकत नाही, झिजला तर भरून येत नाही. वाढत्या पिल्लाला तो बदलावाच लागतो, म्हणून पिल्लं महिन्या-दीड महिन्यानेही कात टाकतात. पण जवळजवळ वाढ थांबलेला मोठा साप सुद्धा वर्षातून काही वेळा कात टाकतोच. पोट आणि अंगाच्या बाजू जमिनीला घासून झिजतात, खवल्यांच्या खाली गोचीड आणि माइट्स नावाचे अगदी बारीक परजीवी चिकटतात, जखमा होतात. कातीबरोबर हे बरंचसं निघून जातं. जखमी साप किंवा परजीवींनी त्रासलेला साप एरवीपेक्षा लवकर लवकर कात टाकतो, हे सांभाळलेल्या सापांत नेहमी दिसतं. पोटभर खाणं आणि ऊब मिळाली की चक्र भराभर फिरतं, उपाशी आणि गारठलेल्या सापात ते रेंगाळतं.

माणसाचीही कातडी झडते, पण ती रोज, कणाकणाने, आपल्या नकळत. सापात तळाच्या जिवंत पेशी बराच काळ शांत असतात, आणि मग अंगभर, डोक्यापासून शेपटीपर्यंत, एकाच सुमारास विभागू लागतात. जुन्या आवरणाच्या खाली अख्खं नवं आवरण तयार होतं. त्यात वर बीटा केराटिनचा कडक थर, खाली अल्फा केराटिनचा लवचिक थर, आणि दोहोंच्या मधे स्निग्ध द्रव्यांनी भरलेला पातळ थर असतो. अंगातलं पाणी बाहेर जाऊ न देण्याचं काम हा मधला थर करतो. साप उन्हाळ्याच्या कोरड्यात जगतो तो याच्या जोरावर. पॉल मॅडरसन या जीवशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात या चक्राच्या सहा अवस्था मांडल्या, आणि आजही पाठ्यपुस्तकांत त्याच शिकवल्या जातात. थायरॉइडचं संप्रेरक या चक्रावर परिणाम करतं, आणि गंमत अशी की सापांत ते कात टाकणं लांबणीवर टाकतं, तर सरड्यांत तेच कात टाकायला चालना देतं.

काही दिवस सापाच्या अंगावर दोन आवरणं असतात, जुनं वर आणि नवं खाली. या काळात तो निस्तेज, राखी दिसतो आणि डोळे दुधाळ निळसर होतात. सापाला उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक चकती कायमची बसलेली असते, आणि तीही कातडीचाच भाग असल्याने कातीबरोबर बदलते. जुन्या आणि नव्या चकतीच्या मधे थर विरघळू लागले की नजर धूसर होते. अशा वेळी साप खात नाही, फिरत नाही, दमट अंधाऱ्या जागी दडून बसतो आणि डिवचला तर एरवीपेक्षा लवकर चावतो. मग दोन-चार दिवस डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर कात निघते. डोळे धूसर झाल्यापासून कात पडेपर्यंत साधारण आठवडा ते दोन आठवडे जातात.

म्हणजे आदल्या रात्री या पडवीत जे घडलं त्याची तयारी निदान आठवडाभर आधीपासून चालली होती. हा साप इतके दिवस जवळपासच कुठेतरी, बहुधा त्याच जोत्यात, दडलेला असणार. वाट चुकून एका रात्री घरात शिरलेला पाहुणा हा नव्हता.

कात काही विषारी नसते. विष डोक्यातल्या ग्रंथींत असतं आणि विषदंत कातीबरोबर निघत नाहीत. हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवावेत, एवढीच काळजी. सापांच्या अंगावर साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात.

खवल्यांचा हिशोब

आता खरा प्रश्न: कवड्या की मण्यार?

दोन्ही साप काळपट, दोन्हींच्या अंगावर पांढुरके आडवे पट्टे, दोन्ही रात्री फिरणारे, दोन्ही घरात येणारे. कवड्या पूर्ण बिनविषारी, पाली खाऊन राहणारा. मण्यार ही आपल्याकडच्या अत्यंत विषारी सापांपैकी एक. जिवंत साप समोर असला तरी लोक या दोघांत गोंधळतात. कातीत तर रंग जवळजवळ नसतोच, कारण रंगाच्या बहुतेक पेशी खालच्या कातडीत राहतात. वर थोडं काळं रंगद्रव्य उतरतं, त्यामुळे उजेडासमोर धरल्यावर पट्ट्यांची पुसट सावली दिसते. या कातीत ती सावली शेपटीकडे जास्त स्पष्ट आणि मानेकडे जवळपास नाहीशी होती. मण्यारीचे पट्टे असेच असतात, मागे ठळक आणि मानेजवळ विरळ. कवड्याचे उलट, मानेपाशी रुंद आणि ठळक, शेपटीकडे पुसट. हा पहिला इशारा. पण इशाऱ्यावर निकाल द्यायचा नसतो, खवले मोजायचे असतात.

कात काचेवर पसरली, खाली पांढरा कागद, हातात भिंग. अंगाच्या मध्यावर, पोटाचे रुंद खवले सोडून, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे तिरकं मोजत गेलं की ओळी मिळतात. 15 भरल्या. कवड्याच्या 17 असतात. सगळे खवले गुळगुळीत, कणा नसलेले. म्हणजे घोणस आणि फुरसं दोन्ही बाद, कारण त्यांच्या खवल्यांवर कणा, म्हणजे मधोमध उभा उंचवटा, असतो आणि ओळीही कितीतरी जास्त. धामणीच्या पाठीच्या वरच्या ओळींवरही कणा असतो आणि तिची कात बरीच मोठी असते.

मग पाठीची मधली ओळ पाहिली. शेजारच्या खवल्यांपेक्षा ती स्पष्ट मोठी, एकेक खवला षटकोनी. मण्यारीची ही खूण बहुतेकांना पाठ असते, आणि इथेच घाई होते. मधली मोठी ओळ मांजऱ्या सापालाही असते, रुका सापालाही असते. एवढ्यावरून मण्यार ठरवून किती मांजऱ्या साप लोकांनी मारले असतील, विचारू नका. म्हणून दुसरी खूण जोडीने बघावीच लागते.

ती असते शेपटीखाली. कातीची शेपूट उलथी करून पाहिली. गुदद्वारावरचा खवला अखंड होता, आणि त्याच्या पुढे शेपटीच्या टोकापर्यंत खालचे खवले एकेरी, एका रुंद पट्टीसारखे, मधे कुठेही फाटा न पडलेले. मी 46 मोजले. कवड्या, मांजऱ्या, रुका, धामण, नाग या सगळ्यांत शेपटीखालचे खवले दोन-दोनच्या जोडीने असतात आणि मधून नागमोडी रेष जाते. एकेरी खवले फुरशाला आणि मांडुळालाही असतात, पण फुरशाचे अंगावरचे खवले खरखरीत, आणि मांडुळाच्या पोटावरचे खवले अगदी अरुंद. गुळगुळीत अंग, 15 ओळी, पाठीवर मोठी षटकोनी ओळ आणि शेपटीखाली एकेरी खवले, या चारही गोष्टी एकत्र आल्या की आपल्या भागात एकच उत्तर उरतं.

डोक्याचा भाग सुतळीत अडकून फाटला होता, पण ओठांवरचे खवले एका बाजूला सात दिसत होते. कवड्याला बहुधा नऊ असतात. आणि नाकपुडीजवळचा खवला व डोळ्यापुढचा खवला यांच्या मधे कवड्याला जो एक छोटा जादा खवला असतो, तो इथे नव्हता.

ही मण्यार होती.

कातीची लांबी 104 सेंटीमीटर भरली. म्हणजे साप तेवढा नव्हे. खवल्यांच्या मधली कातडी घड्या घालून बसलेली असते, कात निघताना त्या घड्या ताणल्या जातात, आणि कात सापापेक्षा लांब होते. गावात नऊ-दहा फुटी सापांच्या ज्या कथा फिरतात, त्यांतल्या कित्येकांचं मूळ उन्हात ताणून मापलेल्या कातीत असतं. मी अंदाज धरला तो 85 ते 90 सेंटीमीटरचा.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. डोळ्यांच्या चकत्या पाहताना एकच सापडली. दुसऱ्या बाजूला स्वच्छ गोल भोक होतं, काठ फाटलेला नव्हता. त्या भोकाला लागून असलेला एक खवला चुरमुडलेला, जुनी जखम भरून आल्यावर दिसतो तसा. जखमेच्या वणापाशी जुनं आणि नवं आवरण नीट सुटत नाही. म्हणजे चकती कातीतून गळून पडली नव्हती, सापाच्या डोळ्यावरच राहिली होती. कात उलटलेली असल्यामुळे डाव्या-उजव्याची अदलाबदल होते, ती हिशोबात धरली तर डोळा डावा.

त्या रात्रीचा निर्णय

रात्री साडेनऊच्या सुमारास मी फोन केला आणि पहिलं वाक्य बोललो ते, "मुलांना आणि आजींना आत्ताच्या आत्ता जमिनीवरून उठवा." कात कवड्याची असती तर मी त्यांना झोपू दिलं असतं.

मण्यार दिवसा मलूल असते, वेटोळ्यात डोकं खुपसून पडून राहते. रात्री तिची चाल बदलते. ती उंदीर, पाली, आणि विशेषतः दुसरे साप खाते. गेल्या वर्षीचा कवड्या जिथे आला तिथे मण्यार येणं हे अगदी जुळणारं आहे, कारण कवड्या तिचं अन्न आहे. शिकारीच्या मागे ती घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. झोपेत माणूस कूस बदलतो, ती चावते. दात बारीक, वेदना नगण्य, सूज बहुधा नाही. पुष्कळदा माणसाला जागही येत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, घसा धरल्यासारखा वाटतो, मग पापण्या उचलत नाहीत. घरचे समजतात की अपचन झालं किंवा अंगात वारं भरलं. तोवर विष मज्जातंतूंच्या टोकांवर काम करून गेलेलं असतं आणि श्वास घेणारे स्नायू ढिले पडू लागतात.

म्हणून उपाय सगळे झोपण्याच्या जागेभोवतीचे. तिघांना खाटेवर घेतलं. मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचल्या. नेपाळच्या तराईत झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशापासून मोठं संरक्षण मिळतं असं दिसलं आहे, आणि कोकणात हा उपाय प्रत्येक घरात करता येण्याजोगा आहे. उशाशी बॅटरी. रात्री उठताना आधी उजेड, मग पाय. घरात कुणीतरी म्हणालं की दाराशी फिनेल शिंपडू, लसूण ठेवू. याने साप अडत नाही, आणि आपण सुरक्षित आहोत असं वाटून मच्छरदाणी तेवढी राहून जाते.

शिवाय जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा आणि 108चा नंबर भिंतीवर लिहून ठेवायला सांगितला. मी त्यांना हेही बजावलं की दंश झालाच तर साप शोधत बसू नका आणि कात घेऊन डॉक्टरांकडे धावू नका. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकत्र चालतं. डॉक्टर लक्षणं पाहून उपचार करतात. तिथे मोलाची असतात ती मिनिटं.

जोत्यातला साप

सकाळी पडवी मोकळी केली. गोण्या भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर चढवल्या. जोत्याला लागून रचलेलं सरपण हलवलं. ती जागा सापाने का निवडली हे हलवताहलवता कळत गेलं. भिंतीपलीकडे मोरी, तिचं पाणी जोत्यात मुरून दगड सतत ओले. कात सुटायला ओल लागते. कोरड्यात ती तुकड्या-तुकड्याने निघते, शेपटीच्या टोकाशी आवळून राहते, डोळ्यांवर चिकटते. वर तांदूळ, म्हणून उंदीर. कडेला गोणपाटाची शिवण, म्हणून घासायला खडबडीत कड. बाकीच्या पडवीला गुळगुळीत लादी बसवलेली, तिथे ती कात अडकवणार कशाला?

दिवसा फट बुजवावी असं घरच्यांना वाटत होतं. मी थांबवलं. साप आत असताना फट बुजवली तर तो दुसरी वाट काढतो, आणि ती वाट आपल्याला ठाऊक नसते. आधी साप बाहेर यायला हवा. रात्री घरच्यांना आतल्या खोलीत दार लावून बसवलं आणि आम्ही दोघं सर्पमित्र लाल उजेडाची बॅटरी घेऊन पडवीत थांबलो. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या रात्री अकरा वाजून गेल्यावर फटीतून डोकं बाहेर आलं, मग काळंभोर चकचकीत अंग. नुकती कात टाकलेली मण्यार पांढऱ्या उजेडात निळसर चमकते. तिच्या पुढ्यात काळा पाइप आणि त्याला बांधलेली पिशवी ठेवली होती. तिला हात लावावा लागला नाही. अंधारं भोक दिसताच ती आपणहून आत गेली.

नोंदीसाठी तिला पारदर्शक नळीत घेतलं. लांबी 88 सेंटीमीटर. शेपटीखालचे फोटो मोठे करून मोजले, 46. खवल्यांची संख्या सापाला जन्मतःच मिळते आणि मरेपर्यंत बदलत नाही, म्हणून कातीवरचा आणि सापावरचा आकडा जुळणं याला अर्थ असतो. आणि डावा डोळा. मण्यारीचा डोळा काळाभोर मण्यासारखा असतो, उजवा तसाच होता. डाव्यावर राखी, किंचित दबलेली चकती होती आणि तिच्या मागच्या काठाशी जुना वण. आता दुसऱ्या सापाची शंका उरली नाही.

ती चकती काढावी का, असं माझ्या जोडीदाराने विचारलं. चिमट्याने चकती ओढण्याचे व्हिडिओ लोक पाहतात आणि करायला जातात. जुन्या चकतीच्या खालीच नवी असते, आणि ओढताना ती फाटली तर डोळा कायमचा जातो. एकटी राहिलेली चकती पुष्कळदा पुढच्या कातीबरोबर निघते. एका डोळ्याने अंधुक दिसलं तरी मण्यार जिभेच्या आणि वासाच्या जोरावर शिकार करते. आम्ही तिला रात्रभर ओलसर गोणपाट घातलेल्या डब्यात ठेवलं, चकतीला हात लावला नाही.

सकाळी वनरक्षकांकडे नोंद केली. साप वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहेत, त्यांना मारता येत नाही, बाळगता येत नाही. वनरक्षकांच्या समक्ष तिला गावाबाहेरच्या, पण त्याच परिसरातल्या रानात सोडलं. फार दूर नेऊन सोडलेला साप अनोळखी जागेत दडायची आणि खायची जागा शोधत भटकतो आणि बऱ्याचदा मरतो. मग जोत्याची फट सिमेंटने बुजवली, मोरीच्या तोंडाला जाळी बसवली.

आजींनी कात परत मागितली, मी वाळवून दिली. ती कणगीतच आहे.

दिवाळीच्या आधी घर झाडताना त्यांना पोटमाळ्यावर आणखी एक कात मिळाली. या वेळी मुलाने ती आहे तिथेच ठेवून फोटो पाठवले, एक पूर्ण लांबीचा, एक पाठीच्या मधल्या भागाचा, एक शेपटीखालचा. खाली लिहिलं होतं, "शेपटीखाली जोडीने आहेत, मधे रेघ आहे. पाठीवर मोठी ओळ नाही." मी ओळी मोजल्या, 17. वासे चढून कौलांपर्यंत जाणारा, पाली खाणारा कवड्या. त्याला काही केलं नाही, तो अजून माळ्यावरच असेल. खाली खाटा आणि मच्छरदाण्या मात्र त्यांनी पावसाळा संपल्यावरही काढलेल्या नाहीत.